पार्कवेपासून गावापर्यंत: एबू व्हेलच्या रेल्वेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण वेल्समधली एबू खोऱ्याची रेल्वे 2008 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण गावाच्या वेशीवर थांबली. गावात शिरायला तिला आणखी 7 वर्षं लागली. कार्डिफला शिकायला किंवा नोकरीला आलेली मराठी मंडळी आणि घरबसल्या रेल्वेचे नकाशे चाळणारे हौशी लोक या मार्गाबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न पाठवतात. ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एका उत्तरात येऊन गेलेलं दुसऱ्यात परत सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एबू व्हेल आहे कुठे, आणि हा शब्द वाचायचा कसा?

कार्डिफच्या उत्तरेला, न्यूपोर्टच्या वायव्येला, ब्लायनाय ग्वेंट या परगण्यात. वेल्श भाषेत डब्ल्यू हे अक्षर स्वरासारखं चालतं, म्हणून नदीचं नाव ‘एबू’. वेल्शमध्ये गावाला ग्लिन एबुई म्हणतात आणि स्टेशनच्या पाट्यांवर दोन्ही नावं असतात. आधी लोखंड, मग पोलाद आणि कोळसा यांवर हे गाव वाढलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन 1929 पासून 1960 पर्यंत इथले खासदार होते. ब्रिटनमधल्या लोकांना गावाचं नाव ठाऊक असतं ते बेव्हनमुळे किंवा पोलादामुळे.

2. गाडी कधी बंद झाली आणि कधी सुरू झाली?

प्रवासी वाहतूक एप्रिल 1962 मध्ये बंद झाली. 6 फेब्रुवारी 2008 ला ती पुन्हा सुरू झाली, ती एबू व्हेल पार्कवे ते कार्डिफ अशी, तासाला एक गाडी. मधली काही स्टेशनं त्याच दिवशी उघडली. लानहिलेथ आणि क्रॉसकीज मात्र त्याच वर्षी थोड्या उशिरा उघडली. न्यूपोर्टच्या कडेचं पाय कॉर्नर 14 डिसेंबर 2014 ला आलं आणि 17 मे 2015 ला गाडी एबू व्हेल टाउनपर्यंत पोहोचली.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. 1962 नंतर रूळ उखडले गेले नव्हते. पोलाद कारखान्याची मालवाहतूक 2002 पर्यंत चालू होती. खोऱ्यातल्या लोकांनी चाळीस वर्षं दारावरून मालगाड्या जाताना पाहिल्या, फक्त त्यांत बसायची सोय नव्हती. ब्रिटनमधल्या कितीतरी बंद मार्गांवर आज घरं आणि सायकलवाटा आहेत. हा मार्ग वाचला त्याचं श्रेय कारखान्याला.

3. म्हणजे बीचिंगच्या कुऱ्हाडीखाली गेलेला मार्ग ना?

नाही. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करायला सांगणारा डॉ. बीचिंग यांचा अहवाल मार्च 1963 चा आणि इथली प्रवासी गाडी त्याआधी जवळजवळ वर्षभर बंद झाली होती. ब्रिटनमधला बंद पडलेला प्रत्येक मार्ग बीचिंगच्या नावावर टाकायची सवय ब्रिटिशांनाही आहे.

4. ‘पार्कवे’ म्हणजे काय? स्टेशन गावाबाहेर कशाला बांधलं?

मराठी वाचकाला हे एका शब्दात सांगता येतं: ‘रोड’. नाशिक रोड, राजापूर रोड, सावंतवाडी रोड. स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ दिसला की आपण समजून जातो, गाव अजून लांब आहे, रिक्षा किंवा एसटी बघायला हवी. ब्रिटनमध्ये तेच काम ‘पार्कवे’ करतो. 1972 मध्ये ब्रिस्टल पार्कवे उघडलं तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. गावाबाहेर मोकळ्या जागेवर स्टेशन, शेजारी मोठं वाहनतळ. घरून मोटार घेऊन या, ती इथे ठेवा आणि गाडीत बसा.

दोन्ही शब्दांत एक फरक आहे. ‘रोड’ प्रामाणिक आहे, तो सांगतो की इथून पुढे रस्ता धरा. ‘पार्कवे’ ऐकायला बागेसारखं वाटतं, पण तुमच्याकडे मोटार आहे हे त्यानं गृहीत धरलेलं असतं. ज्या खोऱ्यात कारखाना बंद पडून शेकडो नोकऱ्या गेल्या, तिथे हे गृहीत धरणं धाडसाचंच. एबू व्हेल पार्कवे व्हिक्टोरिया भागात आहे. गावाचा बाजार तिथून सुमारे अडीच किलोमीटर वर राहतो, आणि ‘वर’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा.

5. मग 2008 लाच गाडी गावापर्यंत का नेली नाही?

वाटेत कारखाना होता. नेमकं सांगायचं तर कारखान्याची जागा होती.

खोरं अरुंद आहे. तळाला नदी आहे आणि सपाट जमीन असते ती तळालाच. ती सगळी पोलाद कारखान्यानं व्यापलेली होती. 1938 मध्ये पोलादाचा सलग, रुंद पत्रा लाटणारी ब्रिटनमधली पहिली गिरणी इथे सुरू झाली आणि पुढे हजारो माणसं या एका कुंपणाच्या आत काम करत होती. 2002 मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा गावाच्या पायथ्याशी सुमारे 200 एकर जमीन मोकळी झाली. मोकळी म्हणजे रिकामी नव्हे. इमारती पाडायच्या, शतकभर साचलेली घाण जमिनीतून काढायची, मग त्यावर रस्ते, शाळा, दवाखाना, घरं कुठे येणार ते ठरवायचं. हे ठरण्याआधी रूळ टाकले असते तर उद्याच्या रस्त्याच्या किंवा इमारतीच्या मधोमध आले असते.

त्यामुळे जिथपर्यंत रूळ शाबूत होते आणि जागेचा वाद नव्हता तिथपर्यंत गाडी आणली आणि पुढचं पुढे बघू असं ठरलं. ‘पुढे बघू’ म्हटलेली बरीच कामं तशीच राहतात. हे काम झालं याचं मोठं कारण म्हणजे 2008 च्या गाड्या पहिल्याच वर्षी अंदाजापेक्षा जास्त भरल्या. प्रवासी मिळणार नाहीत हा आक्षेप तिथेच संपला.

6. शेवटच्या अडीच किलोमीटरला खर्च किती आला? जरा जास्त वाटत नाही का?

2008 ची पुनर्बांधणी सुमारे 3 कोटी पौंडांची होती. त्यात साधारण 29 किलोमीटर मार्ग आणि 6 स्टेशनं बसली. टाउनपर्यंतच्या वाढीव मार्गाला आणि स्टेशनला सुमारे 1 कोटी 15 लाख पौंड लागले. भागाकार केला तर पहिल्या टप्प्यात किलोमीटरला 10 लाखांच्या आसपास आणि शेवटच्या टप्प्यात त्याच्या चौपटीहून अधिक.

हा हिशेब करून पाठवणारे पुष्कळ आहेत. पण तो दोन वेगळ्या कामांची तुलना करतो. पहिल्या टप्प्यात चालू मालमार्ग दुरुस्त करून प्रवासी गाडीच्या लायकीचा केला. दुसऱ्यात पुन्हा आखल्या जात असलेल्या जमिनीवर रूळ नव्यानं टाकले. शिवाय उपयोग अंतरावर मोजायचा नसतो. मोटार नसलेल्या माणसाच्या दृष्टीनं पहिले 29 किलोमीटर कामाला येतात ते या शेवटच्या तुकड्यामुळे. नाशिक रोडहून नाशकापर्यंत एके काळी ट्राम चालायची, ती याच गरजेपोटी.

7. ‘टाउन’ स्टेशनवर उतरलं की बाजारात पोहोचलो, बरोबर?

अर्धं बरोबर. स्टेशन खोऱ्याच्या तळाला आहे आणि बाजारपेठ डोंगराच्या कुशीत वर. नकाशावर दोन बोटांचं अंतर दिसतं, पण नकाशा चढ दाखवत नाही. माथेरानला नकाशा बघून निघालेल्या पाहुण्यांची जी गत होते, तीच इथे होते.

तळाशी काय आहे तेही सांगायला हवं, कारण स्टेशनची जागा त्यामुळेच चुकलेली म्हणता येत नाही. कारखान्याच्या जागेवर आता बेव्हन यांच्या नावाचं रुग्णालय (2010 पासून), कॉलेज आणि नवी घरं आहेत. कारखान्याची जुनी मुख्य कचेरी जपलेली आहे आणि तिथे ग्वेंटचा अभिलेखागार आहे. दवाखान्यात, कॉलेजात किंवा जुन्या नोंदी शोधायला येणाऱ्याला स्टेशन दारात पडतं. अडचण होते ती पिशव्या घेऊन बाजारात निघालेल्या आजींची.

त्यांच्यासाठी उतारावर एक तिरका पाळणा बांधला आहे. त्याला केबलवे म्हणतात, पण तो आकाशात लोंबकळत नाही. उतारावरच्या रुळांवरून सरकणारी ती एक लहानशी लिफ्ट आहे. 2015 मध्येच ती सुरू झाली, खर्च 20 लाख पौंडांहून अधिक, आणि बसायला पैसे पडत नाहीत.

8. पण तो पाळणा सारखा बंद असतो असं ऐकलंय. खरं का?

खरं आहे. सुरू झाल्यापासून तो अनेकदा बंद पडला, कधी काही मिनिटं तर कधी बराच काळ, आणि स्थानिक वर्तमानपत्रांना त्यानं वर्षानुवर्षं बातम्या पुरवल्या. दोन पायऱ्यांच्या जिन्यावर कोणी बातमी लिहीत नाही, पण साध्या उतारावर यंत्र बसवलं की ते बिघडल्याचीही बातमी होते.

निघण्यापूर्वी तो चालू आहे का हे पाहा. बंद असेल तर चालत जाण्याची वाट आहे, पण चढ आहे. गुडघे दुखत असतील किंवा बाबागाडी सोबत असेल तर बसचा विचार करून ठेवा. माझं मत विचाराल तर रूळ गावात आणायला 7 वर्षं लागली ते समजण्यासारखं आहे. शेवटचे काहीशे मीटर एकाच यंत्राच्या भरवशावर सोडले, ही मात्र चूक झाली.

9. टाउन सुरू झाल्यावर पार्कवे बंद केलं का? मी कुठे उतरू?

बंद केलं नाही, दोन्ही चालू आहेत. मोटार ठेवून पुढे रेल्वेनं जायचं असेल, किंवा 1992 च्या राष्ट्रीय बाग-महोत्सवाच्या जागेकडे जायचं असेल तर पार्कवे. गावात, कॉलेजात किंवा रुग्णालयात जायचं असेल तर टाउन. नाव तोंडात बसलेलं असतं म्हणून काही जण चुकून पार्कवेलाच उतरतात आणि मग पायपीट करतात. गाडी तिथून पुढेही जाते हे लक्षात ठेवा.

10. नकाशात न्यूपोर्ट जवळ दिसतं, मग इतकी वर्षं गाडी फक्त कार्डिफलाच का जायची?

या मार्गाबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार हीच. खोऱ्याचा नैसर्गिक उतार न्यूपोर्टकडे आहे, नदी तिथेच समुद्राला मिळते, बाजारहाट आणि नातीगोती तिकडची. तरीही 2008 ला सुरू झालेली गाडी न्यूपोर्टच्या अंगाला घासून पश्चिमेला कार्डिफकडे वळायची. खाली पार्क जंक्शनवर मार्गाला दोन फाटे फुटतात, एक न्यूपोर्टकडे आणि दुसरा कार्डिफकडे. नोकऱ्या कार्डिफला जास्त, म्हणून एकच गाडी परवडत असताना दुसरा फाटा निवडला गेला. तासाला दुसरी गाडी घालायला वरच्या एकेरी मार्गावर जागा नव्हती (प्रश्न 11).

न्यूपोर्ट आणि क्रॉसकीजदरम्यानची गाडी डिसेंबर 2021 मध्ये आली. एबू व्हेलहून थेट न्यूपोर्ट फेब्रुवारी 2024 पासून सुरू झालं. आता तासाला साधारण दोन गाड्या सुटतात, एक कार्डिफची आणि एक न्यूपोर्टची. रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं.

11. तासाला दुसरी गाडी घालायला 16 वर्षं? गाडीच तर वाढवायची होती!

कोकण रेल्वेनं गेलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. आडबाजूच्या स्टेशनात गाडी उभी राहते, कोणीतरी ‘क्रॉसिंग आहे’ म्हणतं आणि डबे उघडून लोक जेवायला बसतात. एकेरी मार्गावर किती गाड्या धावतील हे डब्यांवर ठरत नाही, समोरून येणारी गाडी कुठे ओलांडता येते त्यावर ठरतं.

2008 मध्ये या मार्गावर दुहेरी रूळ होते ते रिस्का ते क्रॉसकीज एवढ्याच तुकड्यात, म्हणजे खालच्या भागात. क्रॉसकीजच्या वर एक गाडी शिरली की ती शेवटपर्यंत जाऊन परत खाली येईपर्यंत दुसरी आत सोडता येत नव्हती. आणि आता विस्ताराचा एक उलटा परिणाम पाहा. 2015 मध्ये मार्ग टाउनपर्यंत लांबला तसा हा एकेरी तुकडाही लांबला, म्हणजे गाडीला वर जाऊन यायला आणखी काही मिनिटं लागू लागली. गावात पोहोचल्याच्या आनंदात वेळापत्रक आणखी आवळलं गेलं. तेव्हाच दुहेरीकरण केलं असतं तर, असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांचं चुकत नाही.

शेवटी क्रॉसकीज ते अ‍ॅबरबीग हे सुमारे 11 किलोमीटर दुहेरी केले, न्यूब्रिज आणि लानहिलेथला दुसरा फलाट बांधला, सिग्नल बदलले. 2024 ची न्यूपोर्ट गाडी धावते ती या कामामुळे.

12. हा पैसा कोणी दिला? आणि मार्ग कोणाच्या मालकीचा?

इथे गुंता आहे. रूळ नेटवर्क रेलचे, म्हणजे लंडनच्या केंद्र सरकारच्या अखत्यारीतले. गाड्या चालवते ट्रान्सपोर्ट फॉर वेल्स, ती वेल्श सरकारची. त्याआधी 2018 पर्यंत अराइव्हा ही खासगी कंपनी होती. आपल्याकडे मुंबईच्या लोकलबाबत राज्य आणि केंद्र यांच्यात जी ‘तुमचं काम की आमचं’ चालते, तिची ही वेल्श आवृत्ती.

2008 च्या कामात वेल्श शासन आणि युरोपीय निधीबरोबर कारखाना बंद केल्यानंतर पोलाद कंपनीनं दिलेला पुनर्वसनाचा पैसाही होता. 2021 नंतरच्या दुहेरीकरणासाठी वेल्श सरकारनं ब्लायनाय ग्वेंटच्या स्थानिक परिषदेला 7 कोटी पौंडांचं कर्ज दिलं. एका छोट्या परगण्याच्या परिषदेनं रेल्वेसाठी कर्ज घ्यावं आणि ज्या रुळांवर ते खर्च व्हावं ते तिच्या मालकीचे नसावेत, हे विचित्रच. पण वाट पाहत बसण्यापेक्षा त्यांना ते परवडलं.

विजेची गाडी कधी, असंही याच्या जोडीनं विचारलं जातं. कार्डिफच्या उत्तरेकडच्या मर्थर, अ‍ॅबरडेअर, ट्रेहर्बर्ट या मार्गांची मालकी 2020 मध्ये वेल्सकडे आली आणि तिथे तारा चढल्या. एबू मार्ग त्या यादीत नव्हता, म्हणून इथे गाडी डिझेलची.

13. हा कारखाना टाटांनी बंद केला ना?

नाही, आणि हा प्रश्न पुण्या-मुंबईहून हमखास येतो. कारखाना 2002 मध्ये बंद झाला तेव्हा तो कोरस कंपनीचा होता. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा स्टीलनं कोरस घेतली 2007 मध्ये, पाच वर्षांनी. दक्षिण वेल्समधल्या टाटांच्या ज्या बातम्या तुम्ही वाचता त्या पोर्ट टॅलबटच्या, ते समुद्रकिनाऱ्यावरचं वेगळं गाव.

14. अ‍ॅबरटिलरीला गाडी जाते का? जुन्या नकाशात फाटा दिसतो.

जात नाही. अ‍ॅबरबीगला खोरं दुभंगतं. थोरली एबू डावीकडे एबू व्हेलला आणि धाकटी उजवीकडे अ‍ॅबरटिलरीला. त्या बाजूची प्रवासी गाडीही 1962 ला गेली. फाटा परत जोडायची मागणी जुनी आहे, योजनाही आखल्या गेल्या, पण रूळ पडलेले नाहीत. तोवर लानहिलेथला उतरून बस.

15. टाउनच्या पुढे, डोंगराच्या माथ्यावर मार्ग नेता येईल का? तिकडेही पूर्वी गाडी होती म्हणे.

होती, पण ती दुसऱ्या कंपनीची. एबू व्हेलला पूर्वी दोन स्टेशनं होती, नावं ‘लो लेव्हल’ आणि ‘हाय लेव्हल’. प्रश्न 7 मधला चढ गावानं तेव्हाच स्टेशनच्या नावांत लिहून ठेवला होता. वरचं स्टेशन 1951 मध्ये बंद झालं. ते ज्या मार्गाला जोडलेलं होतं तो अ‍ॅबरगॅव्हेनीहून मर्थरला डोंगरमाथ्यानं जाणारा मार्ग 1958 मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला. आता त्या दिशेनं मोठा हमरस्ता जातो. खालचा मार्ग तिथवर चढवायचा तर उंचीच इतकी आहे की तो विस्तार न म्हणता नवा घाटमार्ग म्हणावा लागेल.

16. गाडी गावात आल्यानं गाव सुधारलं का?

प्रवासी वाढले यात शंका नाही. कार्डिफला शिकणारी मुलं घरी राहून ये-जा करू लागली, मोटार नसलेल्यांना तासाभराच्या अंतरावरची नोकरी पकडता येऊ लागली. पण गाडी दोन्ही दिशांना धावते. सकाळी लोक खाली जातात, पगार खाली मिळतो, आणि शनिवारची खरेदीही बऱ्याचदा खालीच होते. कसारा-कर्जतच्या लोकांना हे नवं नाही. हजारोंना पोसणारा कारखाना गेला त्याची जागा रेल्वे घेईल असं ज्यांनी सांगितलं त्यांनी जास्त सांगितलं.

17. कार्डिफहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे का?

आहे. टाउनपर्यंत साधारण तास लागतो आणि रिस्काच्या वर खोरं जवळ जवळ येत जातं ते खिडकीतून बघण्यासारखं आहे. जाताना लानहिलेथला उतरून सिक्स बेल्सचं ‘गार्डियन’ पाहा. 28 जून 1960 ला तिथल्या खाणीत स्फोट होऊन 45 कामगार गेले. पन्नास वर्षांनी, 2010 मध्ये त्यांच्या स्मरणार्थ हा उंच लोखंडी खाणकामगार उभा केला. मग पुढच्या गाडीनं टाउनला जा आणि जुन्या कचेरीपाशी फिरा.

18. परतताना चुकीच्या गाडीत बसलो तर?

टाउनला फलाट एकच आहे, त्यामुळे समोर उभी असेल ती गाडी आपलीच असं वाटतं. 2024 पर्यंत ते खरंही होतं. आता त्याच फलाटावरून आलटून पालटून कार्डिफ आणि न्यूपोर्ट अशा दोन गाड्या सुटतात (प्रश्न 10). डब्यावरची पाटी वाचा. न्यूपोर्टच्या गाडीत बसलातच तर घाबरू नका, फाटा फुटण्याआधीच्या पाय कॉर्नरला उतरून मागून येणारी कार्डिफची गाडी घ्या. किंवा तसेच न्यूपोर्टला जा, तिथून कार्डिफला मुख्य मार्गाच्या भरपूर गाड्या आहेत. त्यासाठी तुमचं तिकीट चालेल का, ते मात्र चढल्यावर तपासनिसाला आधीच विचारून घ्या.